घासून दिलेल्या ताटल्या

पालकाची जुडी टाक्यात बुडवली की आधी पाणी काळं व्हायचं, मग हात. पद्मिनी देठांकडून जुडी धरायची आणि उलटी करून पाण्यात खळखळवायची. तरी पानांच्या सुरकुत्यांत काजळाची रेघ राहायचीच. अंगठ्यानं पुसू गेलं की पान फाटायचं. फाटलेल्या पानाला बाजारात कोणी हात लावत नाही आणि काळ्या पानालाही लावत नाही, म्हणून किती चोळायचं आणि कुठं थांबायचं हे बोटांनाच कळायला लागलं होतं. मार्गशीर्षाची थंडी. बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांतही काळं भरलं होतं.

मंजिरी जांबाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत होती. नुकती रांगायला लागलेली पोर, झोळीत राहायची नाही. एक पाय बाहेर काढून ती टाक्याकडे बघत होती आणि आईनं मान वळवली की हसत होती.

भाजीच्या या बाडीच्या उत्तरेला, रेल्वेच्या सायडिंगपलीकडे, लोखंडाचे कारखाने होते. बाडीपारा म्हणजे बाडीवाल्यांची वस्ती; तिथले लोक सगळ्यांना मिळून 'भट्टी'च म्हणायचे. रायपूर राजधानी झालं, नव्या शहराला सळया लागू लागल्या, तशा भट्ट्या वाढत गेल्या. धूळ धरायचं यंत्र प्रत्येक धुराड्याला होतं म्हणे. पण अंधार पडला की ते बंद करायचे, वीज वाचते म्हणून. सकाळी उठून बघावं तर अंगणात, गायीच्या पाठीवर, पालकावर सगळीकडे काळी साय.

भाजी विकायला गेलेले सासरे तुळशीराम गोल बाजारातून परत आले. रेल्वेत गँगमन म्हणून भंडाऱ्याहून इकडे आलेला माणूस. नोकरी संपल्यावर गावी गेले नाहीत, भनपुरीच्या कडेला ही बाडी घेतली. सायकलच्या मागची टोपली अर्धी भरलेलीच होती.

"काय झालं बाबा?" पद्मिनीनं विचारलं.

"काय होते? तो म्हणे, काका, ये भनपुरी का माल है, गाय को खिला दो." त्यांनी टोपली उतरवली. "गाय बी नाई खात, हे त्याले कोन सांगंल?"

त्याच दिवशी गंधाली मॅडम आल्या.

त्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात राहिलेल्या घरातल्या, मराठी सगळी समजायची, पण उत्तर हिंदीतून द्यायच्या. कॉलेजानं पंचायतीची बंद पडलेली खोली घेतली होती. तिथं केंद्र होणार होतं. पोरांना शिकवायचं, बायांना शिकवायचं, आणि भट्टीची धूळ कोणत्या पाऱ्यात किती पडते ते मोजायचं. मोजणारी माणसं बाहेरून आणायची नाहीत, इथलीच तयार करायची, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक पाऱ्यातून एक बाई. वर्षभर शिक्षण, मग केंद्रातच नोकरी.

"पढ़ी-लिखी कोई है आपके यहाँ?"

पद्मिनी टाक्यावरून उठली. कोपरापर्यंत हात काळे, पदर ओला. मंजिरी रडायला लागली म्हणून तिला उचललं होतं, आणि ती पदराखाली तोंड घालून पीत होती.

"मी बारावी आहो मॅडम. सायन्स. गोंदियाले."

"अरे वा." मॅडमनी खरंच कौतुकानं बघितलं. मग पदराकडे बघितलं. "ये अभी दूध पीती है?"

"हव."

"पूरे दिन का काम है. लैब में तेज़ाब रहता है, बच्चे को ला नहीं सकते. इसको कोई रख लेगा?"

पद्मिनीनं सासूकडे पाहिलं. शांताबाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल चोळत.

"माझ्या गुडघ्यात जीव नाई बाप्पा," शांताबाई म्हणाल्या. "ही पोट्टी मले आवरंल काय?"

एवढ्यात कौमुदी चहा घेऊन बाहेर आली. धाकटी जाऊ. धुतलेली साडी, भांगात ताजं कुंकू. मॅडमनी कप घेता घेता तिला विचारलं, "और आप कितना पढ़ी हैं?"

"नववी."

"लिख लेती हैं? घर-घर जा सकेंगी?"

"मी जाईन न," कौमुदी म्हणाली.

इतकंच. पद्मिनीला वाटलं, थोडा वेळ तरी घ्यायचा होता हिनं. माझ्याकडे एकदा बघायचं तरी होतं.

दोघींची लग्नं एकाच मांडवात झाली होती, खर्च वाचावा म्हणून. निरंजन थोरला, त्याला पद्मिनी. पुष्कर धाकटा, त्याला कौमुदी. तेव्हापासून बाया दोघींना एका तागडीत घालून बघायच्या. पद्मिनी शिकलेली, कौमुदी गोरी. पद्मिनीची भाकरी पातळ, कौमुदीचं हिंदी झकास, रायपूरच्या पंडरी बाजारातली पोरगी ती, कापडाच्या दुकानातल्या नोकराची. मग मंजिरी झाली आणि तागडी एकीकडे गेली. पद्मिनीला ते आवडलं होतं. कौमुदीची कूस अजून उगवली नव्हती, आणि शेजारच्या इंदूकाकू ते बोलून दाखवायच्या तेव्हा पद्मिनी खाली बघून भाजी निवडायची. पण कान उघडे ठेवून निवडायची.

आता तागडी दुसरीकडे गेली.

कौमुदीला केंद्राचा पांढरा कोट मिळाला. खिशावर निळ्या दोऱ्यानं केंद्राचं नाव शिवलेलं. पहिल्या दिवशी ती घालून आली तेव्हा तुळशीराम खाटेवरून उठून बसले.

"डाक्टरीण दिसून राहिली वं तू."

"धूळ मोजणारी आहो बाबा, डाक्टरीण कायची."

"मग काय? डाक्टर नाडी मोजते, तू धूळ मोज. माझ्या पालकाची धूळ मोज आन त्या भट्टीवाल्याच्या तोंडावर नेऊन टाक."

कोट रोज धुवायचा होता. कौमुदी तो आतल्या खोलीत खिळ्याला अडकवून वाळवायची, बाहेर दोरीवर काळा पडेल म्हणून. मंजिरीची दुपटी मात्र बाहेरच दोरीवर असायची. वाळून येईपर्यंत त्यांच्यावर राखेचे ठिपके पडायचे, आणि पद्मिनी एकेक दुपटं झटकून, फुंकून पोरीखाली घालायची. एकदा घरात कोणी नसताना तिनं कोटाची बाही हातात घेऊन बघितली. कडक, इस्त्रीसारखी. नाकाजवळ नेली. साबणाचा वास होता आणि त्यामागे आणखी कसला तरी, आंबट, तीव्र. गोंदियाच्या कॉलेजात काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडता सोडता एका थेंबाला सगळं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा आला होता तो वास. तिनं बाही सोडली. खिळ्यावर कोट थोडा हलला आणि थांबला. बाहीवर तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला होता. तिनं तो ओल्या फडक्यानं पुसला, तर पसरला.

संध्याकाळी कौमुदीनं ठसा बघितला आणि बाही परत धुतली.

केंद्रातून आल्यावर कौमुदी आधी साबणानं हात धुवायची, मग दारातच हात पसरायची. "ये वं माझी मंजू." आणि मंजिरी आईच्या कडेवरून तिच्याकडे अशी झेपावायची की पद्मिनीचा तोल जायचा. मग दोघी ओट्यावर बसायच्या. कौमुदी तिला दिवसभराचं सांगायची. "आज का नई, आमी वजनाचा काटा पायला. असा काटा, का त्याच्यावर तुयी पापणी ठेवली तरी हालते."

पद्मिनी चुलीपुढून ऐकायची. हे सगळं मला सांगावं असं हिला वाटत नाही. पोरीला सांगते.

एके संध्याकाळी कौमुदीनं हात पसरले आणि पद्मिनी म्हणाली, "झोपाची वेळ झाली तिची."

मंजिरी टक्क जागी होती. कौमुदीचे हात तसेच थोडा वेळ पुढे राहिले. मग तिनं ते मागे नेऊन अंबाडा सोडला आणि परत बांधला.

दुसऱ्या दिवशीही झोपायची वेळ झाली होती. तिसऱ्या दिवशी कौमुदीनं हात पसरले नाहीत.

निरंजन पाळीवरून आला की पद्मिनी ताटावर बसल्या बसल्या त्याला म्हणायची, "बारावी कोन आन जाते कोन."

निरंजन रोलिंग मिलमध्ये होता. लाल सळया चिमट्यात धरून दिवस काढलेला माणूस, घरी येऊन त्याला फक्त भात दिसायचा. "तिले सवड आहे, तुले नाई. त्यात काय?"

"सवड तिले कायनं आहे, ते बी सांगा न."

त्यानं मान वर करून बघितलं. भिंतीपलीकडे कौमुदी-पुष्करची खोली होती. "हळू बोल," तो म्हणाला.

पौषाच्या सुरुवातीला ताटल्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, चिनीमातीच्या, नव्या. कौमुदीनं बाडीपाऱ्यातल्या घराघरांत जाऊन एकेक छपरावर ठेवली. आतून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे पडलेली धूळ चिकटून राहते, वाऱ्यानं उडत नाही. कडेनं विटा लावायच्या. स्वतःच्या घरच्या छपरावर ती चढली तेव्हा पद्मिनीनं खालून शिडी धरली.

"घट्ट धरा ताई."

"धरली आहे." शिडीचा दांडा धरलेल्या बोटांकडे बघत ती उभी राहिली.

बाया ताटल्यांवर खूश होत्या. इतकी सुंदर ताटली कोणाच्या घरात नव्हती, आणि ती छपरावर विटांच्या मधे ठेवायची याचं सगळ्यांना वाईट वाटत होतं. पलीकडची सुकवारो निषाद तर रोज चढून बघायची, मांजरानं पाडली नाही ना.

संक्रांतीच्या आधी कौमुदीला कॉलेजात बोलावलं, वजन करायचं शिकायला. रात्री माहेरी, पंडरीला राहणार होती. पिशवी भरता भरता ती पद्मिनीजवळ आली.

"ताई, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येते, ताटल्या न्यायले. मी गाडीसोबतच येईन. लावताना मी बायांले फक्त हलवू नका म्हटलं होतं. काढाची रीत मॅडमनं आताच सांगतली. ताटलीले बोट लावाचं नाई, पुसाचं नाई. जशी आहे तशी खाली आणाची, वरून दुसरी ताटली झाकाची आन फडकं बांधून ठेवाचं. हळदीकुंकवाले साऱ्या आपल्याच घरी येतील. तेवढं सांगून देजा."

"सांगीन."

"विसरसान नाई न?"

"बारावी शिकली आहो मी. येवढं ध्यानात राहते."

कौमुदी हसली. तिला टोमणा कळला असेल किंवा नसेल. जाताना दारात वळून तिनं झोळीकडे बघितलं. मंजिरी झोपली होती, खरंच झोपली होती. कौमुदी चपला हातात घेऊन झोळीजवळून गेली आणि अंगणात जाऊन त्या घातल्या.

हळदीकुंकवाला ओटा भरून गेला. बोरं, हरभऱ्याचे घाटे, तिळाचे लाडू. शांताबाई मधे बसल्या होत्या आणि पद्मिनी कोयरी घेऊन एकेकीच्या कपाळाला बोट लावत होती. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. सगळ्या आल्या की सांगू, असं ती मनाशी म्हणत होती. सगळ्या आल्या.

"कौमुदी मॅडम नाई दिसून राहिली?" इंदूकाकू म्हणाल्या आणि बाया हसल्या.

"कॉलेजात गेली आहे," शांताबाई म्हणाल्या. आवाजात गूळ होता. "त्याईनं बोलावलं."

"नशीब असते माय. आमच्या पुतणीनं पंधरावी केली, घरी शेण थापून राहिली. आन हिनं नववीवर कोट घातला." इंदूकाकूंनी कपाळ पुढे केलं. "नाई तं आपली पद्मिनी पाय. बारावी होऊन पालकच धुते."

बाया पुन्हा हसल्या. वाईट हसल्या नाहीत, सणाला हसतात तशाच. पद्मिनीनं हळदीचं बोट त्यांच्या कपाळावर जरा जोरानं टेकवलं.

"दीदी," सुकवारोनं विचारलं, "काली गाड़ी आही न? थारी ल मांज के देबो न?"

उद्या गाडी येणार ना, ताटली घासून द्यायची ना. पद्मिनीनं कोयरीतून कुंकू घेतलं. आता सांगायचं होतं. तोंड उघडलं की वाक्य बाहेर पडणार होतं.

पण शांताबाईच बोलल्या. "हे का विचाराची गोष्ट आहे? दुसऱ्याचं भांडं का खरकटं देतात? घासून द्या. आन रिकामं बी नका देऊ. सणाचे दिवस आहेत."

"हव," सुकवारो म्हणाली. "लाडू रख देहूँ."

"मी तं राखेनं घासीन," इंदूकाकू म्हणाल्या. "तुपासारखं कायतरी लावलं आहे त्याले, साबणानं निघत नाई."

पद्मिनी पुढच्या बाईपुढे बसली. तिच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, हातात लाडू दिला. "तिळगूळ घ्या," ती म्हणाली. "गोड बोला."

सकाळी छपराछपरांवरून ताटल्या उतरल्या. पद्मिनी टाक्यावर मेथी धूत होती, तिथून चार घरं दिसायची. दारात बसून बाया घासत होत्या. राख, नारळाची शेंडी, गरम पाणी. सुकवारो ताटली सूर्याकडे धरून बघत होती आणि पुन्हा घासत होती. शांताबाई स्वतःच्या घरची घेऊन बसल्या. त्या ताटलीवर जाड काळा थर होता, व्हॅसलिनमध्ये भिजून डांबरासारखा झालेला. पद्मिनीनं तो बघितला. एवढं सगळं पोरीच्या झोळीवर पडतं, असं तिच्या मनात आलं. टाक्यातून हात काढून दोन पावलं टाकली तरी ओटा आला असता.

"आई," ती म्हणाली.

"काय वं?"

मंजिरीनं झोळीतून हाक मारली. पद्मिनी तिला घ्यायला वळली. घेऊन परत आली तेव्हा ताटली पांढरी झाली होती.

गाडी आली. कौमुदी पांढऱ्या कोटात उतरली आणि बाया पुढे झाल्या, प्रत्येकीच्या हातात धुतलेल्या फडक्यात बांधलेली ताटली. कौमुदीनं पहिली गाठ सोडली. आत तिळाचा लाडू होता. दुसरी सोडली. दोन लाडू आणि हलवा. तिसरीत मुरमुऱ्याचा लाडू, त्यावर झेंडूची पाकळी. ताटल्या इतक्या स्वच्छ होत्या की त्यांत तिचं तोंड दिसत होतं.

"घे न," इंदूकाकू म्हणाल्या. "तुयासाठीच आहे."

ड्रायव्हरनं एक लाडू उचलून तोंडात टाकला. गंधाली मॅडम मागच्या सीटवरून उतरल्या, आणि त्यांनी एकेक करून सगळ्या ताटल्या बघितल्या.

"किसने बोला धोने को?"

कोणालाच प्रश्न कळला नाही. धुवायला कोणी सांगावं लागतं का?

"कौमुदी, तुमने समझाया नहीं था? हफ्तेभर में जनसुनवाई है. मैं वहाँ क्या रखूँगी, लड्डू?"

कौमुदीनं मान वळवून पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनी उंबऱ्यात उभी होती. कडेवर मंजिरी, पदराचं टोक चघळत होती. पद्मिनीनं तोंड उघडलं. थंडीनं ओठ फुटले होते, ते चिकटले होते, सुटायला वेळ लागला.

"मेरे से छूट गया मैडम," कौमुदी म्हणाली. "बताना रह गया."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सुकवारोला काय ते आता कळलं आणि तिनं रिकामे हात पदरात घेतले. मॅडम तिला म्हणाल्या, "आपकी गलती नहीं है," आणि गाडीत बसल्या.

रात्रीच्या स्वयंपाकाला दोघी चुलीपुढे होत्या. पद्मिनी थापत होती, कौमुदी भाजत होती.

"कौमुदी, मी..."

"भाकरी जळून राहिली ताई," कौमुदी म्हणाली आणि चिमट्यानं ती उलटली. भाकरी जळत नव्हती.

जनसुनवाईला, भट्टीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायच्या सरकारी सभेला, तुळशीराम धुतलेलं धोतर नेसून गेले. टोपलीतून काळा पालक घेऊन गेले, दाखवायला. संध्याकाळी परत आले तेव्हा पालक मऊ पडला होता.

"काय झालं बाबा?" पुष्करनं विचारलं.

"साऱ्या पाऱ्याचे आकडे वाचले. आपल्या पाऱ्याचं नावच नाई. भट्टीचा साहेब म्हणे, बाडीपाऱ्यात धूळ निघालीच नाई, तिथल्या ताटल्या चकाचक आहेत." त्यांनी पालक गायीपुढे टाकला. "मी उठून उभा राह्यलो. तं म्हणे, बाबाजी, बैठ जाइए, आँकड़ा लाइए. आकडा कुठून आणू?"

गायीनं पालक हुंगला आणि मान फिरवली. त्या दिवशी कोणी कौमुदीला काही बोललं नाही. तुळशीरामही नाही. ते फक्त पहिल्यांदा तिच्या हातचा चहा न घेता झोपले, आणि पद्मिनीनं झाकून ठेवलेला कप सकाळी टाक्याजवळ ओतला.

थोड्या दिवसांनी मॅडम परत आल्या. आल्या त्या सरळ टाक्याकडेच. ताटल्या पुन्हा लावायच्या होत्या, उन्हाळ्याच्या आधी आणखी एक सुनवाई होती. पण कॉलेजातून सांगितलं होतं, बाडीपाऱ्याला दुसरी बाई घ्या.

"आप बारहवीं हैं न? साइंस?"

"हव."

"करेंगी?"

पद्मिनीचे हात पाण्यात होते. इतके दिवस रात्री ज्या शब्दांची ती वाट बघत होती, ते अगदी तसेच आले होते. तिनं हात बाहेर काढले. ते खाली कुठं ठेवायचे तिला कळेना.

"बच्ची का क्या होगा?" मॅडमनी विचारलं.

शांताबाईंनी ओट्यावरून गुडघ्यांचं सुरू केलं. कौमुदी दारात उभी होती.

"मी आहो न," ती म्हणाली.

या वेळीही तिनं वेळ घेतला नाही. पण या वेळी ती पद्मिनीकडे बघत होती, सरळ, पापणी न हलवता. पद्मिनीला वाटलं, ही 'नाही म्हण' म्हणते आहे का 'हो म्हण' म्हणते आहे? मग तिच्या लक्षात आलं, कौमुदी तिच्या मागे झोळीतल्या मंजिरीकडे बघते आहे.

कोट धुऊन, घडी घालून कौमुदीनं पद्मिनीच्या खोलीत आणून ठेवला. बाहीवर अंगठ्याच्या ठशाची फिकट सावली राहिली होती.

पद्मिनीनं घराघरांत ताटल्या लावल्या. व्हॅसलिनचा हात फिरवला, विटा लावल्या. प्रत्येक दारात तिनं तेच वाक्य म्हटलं, बोट लावू नका, पुसू नका, जशी आहे तशी झाकून ठेवा. म्हणायला काहीच लागत नव्हतं, एक श्वास पुरत होता. इंदूकाकूंच्या दारात ती म्हणाली तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे मागच्या खेपी समजलं असतं तं? कौमुदी बिचारी सांगाचंच विसरली."

पद्मिनी ताटलीत बोट फिरवत होती. कडेपर्यंत सारखा थर यायला हवा होता.

"ती नाई विसरली," ती म्हणाली.

"मग?"

पद्मिनी शिडी चढली. काकू खालून वर बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी शिडीला हात लावला. "पडशीन," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्याच आठवड्यात कॉलेजात पहिला दिवस होता. पद्मिनीनं काटा बघितला. पापणी ठेवली तरी हलतो तो काटा. खरंच हलत होता. दुपारपासून दुधानं छाती भरून आली होती, दगडासारखी झाली होती. शिकवणारा काय सांगत होता ते अर्धं ऐकू येत होतं. बसमध्ये तिनं कोट काढला नाही. भनपुरी चौकात उतरून ती चालत नव्हती, धावतच होती.

घराच्या अंगणात आली तेव्हा कौमुदी ओट्यावर बसली होती आणि मंजिरी तिच्या मांडीवर. पोर न्हाऊन निघाली होती. केसांना तेल, मधे भांग, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. अंगावर पांढरं झबलं, इतकं पांढरं की पद्मिनीला ते ओळखू आलं नाही. आत खोलीत वाळवलेलं असणार. अंगावर कुठं राखेचा ठिपका नव्हता. मुठीत गुळाचा खडा होता, तो ती चाटत होती.

"ये वं मंजू," पद्मिनीनं हात पसरले.

मंजिरीनं बघितलं. पांढऱ्या कोटाकडे बघितलं. मग कौमुदीच्या खांद्यात तोंड लपवलं.

कौमुदीनंच तिला उचलून पद्मिनीच्या हातात दिलं. पद्मिनीनं पोरीच्या मानेत नाक घातलं. बेसनाचा वास आला, तेलाचा आला. तिच्या स्वतःच्या दुधाचा आंबूस वास, जो त्या मानेच्या घडीत कायम असायचा, तो कुठंच नव्हता. तिनं तिला छातीशी धरलं. पोरीनं तोंड फिरवलं, गूळ चाटत राहिली.

"भुकेली नाई ती," कौमुदी म्हणाली. "वाटीनं दूध पाजलं."

पद्मिनीनं झबल्याची बाही सारखी केली.

"कोणाची वस्तू परत द्याची, तं घासूनपुसूनच द्याव लागते न ताई," कौमुदी म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता. "आन रिकामी बी नाई देत."

आत शांताबाई खोकल्या. भट्टीच्या दिशेनं पहिला धूर वर चढत होता, सरळ, वारा नसल्यासारखा. पद्मिनी तशीच उभी राहिली, आणि तिला कोटाच्या आत काहीतरी ऊन ऊन ओघळल्यासारखं वाटलं. तिनं खाली बघितलं. कोटावर, छातीशी, दोन्हीकडे ओले गोल पसरत होते.

कौमुदीनंही ते बघितलं. मग उठली आणि हात पुढे केला.

"कोट द्या इकडं," ती म्हणाली. "धुऊन आत वाळू घालते. बाहेर काळा होते."